समुद्रतळावरचा ज्वालामुखी ‘मृत’ आहे, हे कशावरून ठरवतात?

प्रश्न पुण्यात शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचा आहे. अरबी समुद्राच्या तळाशी रामन, पणिक्कर अशा नावांचे मृत ज्वालामुखी आहेत, असे त्यांच्या वाचनात आले. वर्गात तो विषय निघाल्यावर मुलांनी विचारले, की इतक्या खोल पाण्याखालचा, कोणी डोळ्यांनी न पाहिलेला ज्वालामुखी मृत आहे हे कोणी ठरवले? तो पुन्हा जागा झाला तर कोकणचे काय होईल? आणि आपल्या टेकड्यांचा काळा दगड त्याचाच नातेवाईक आहे का? समुद्रतळाचा दगड वर काढण्यात आणि तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली आहेत, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देतो. मुलांचा शेवटचा प्रश्न आधी घेतला तर पहिल्याचे उत्तर सोपे होते, म्हणून क्रम उलटा ठेवला आहे.

वेताळ टेकडी, पर्वती, पाताळेश्वराचे लेणे ज्यात कोरले आहे तो कातळ, हे सारे दख्खनच्या लाव्ह्याचे थर आहेत. त्यांचा मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्राच्या मानाने अगदी थोड्या काळात बाहेर आला. त्या वेळी भारताचा भूपट्ट आजच्यापेक्षा बराच दक्षिणेला होता आणि त्याचा पश्चिम भाग प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातून, वर येणाऱ्या एका अतितप्त स्रोतावर आलेला होता. हा स्रोत भूपट्टाच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो, भूपट्ट मात्र सरकत राहतो. शिवणयंत्राची सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड पुढे सरकते, तेव्हा टाक्यांची ओळ उमटते, तसेच येथे घडते. भारत उत्तरेकडे सरकला आणि त्याच स्रोताचे पुढचे टाके समुद्रतळावर पडत गेले. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे ज्या जलमग्न रांगेवर उभी आहेत, ती रांग म्हणजे हे टाके होत.

हा नुसता तर्क नाही. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी वेधन कार्यक्रमाच्या जहाजाने या रांगेवर ठिकठिकाणी छिद्रे घेऊन खालचा ज्वालामुखीय दगड वर काढला. त्याचे वय मालदीवजवळ सुमारे ५.७ कोटी वर्षे, चागोसजवळ सुमारे ४.९ कोटी वर्षे आणि मध्य हिंदी महासागरी कटकाच्या (दोन भूपट्ट जेथे दूर होतात आणि नवा तळ तयार होतो, त्या पाण्याखालच्या डोंगररांगेच्या) पलीकडे, नाझारेथ बँकेजवळ, सुमारे ३.३ कोटी वर्षे निघाले. त्यापुढे मॉरिशस येते, जेथील सर्वांत जुना लाव्हा सुमारे ९० लाख वर्षांचा आहे, आणि शेवटी रेयुनियन, जेथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार उद्रेक करतो. पुण्यापासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर आजही वाहणारा तो लाव्हा आणि पाताळेश्वराचा थंड कातळ यांचा मूळ स्रोत एकच मानला जातो. मधल्या काळात कटकच त्या स्रोतावरून सरकून गेला, त्यामुळे ओळीचा उत्तरेकडचा भाग भारतीय भूपट्टावर आणि दक्षिणेकडचा आफ्रिकी भूपट्टावर राहिला.

आता ‘मृत’ म्हणजे काय, याकडे वळू. पाठ्यपुस्तकांत ज्वालामुखींचे जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीन प्रकार दिलेले असतात आणि ते प्रामुख्याने उद्रेकाच्या नोंदींवर बेतलेले असतात. जमिनीवर ही पद्धत कशीबशी चालते. समुद्रतळावर ती निरुपयोगी आहे, कारण तेथे नोंद ठेवणारे कोणी नव्हतेच. शिवाय नुसत्या शांततेवर विसंबणे धोक्याचे असते. अंदमानातील बॅरन बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर दीर्घ काळ शांतता होती आणि १९९१ मध्ये ते पुन्हा पेटले. म्हणून आम्ही ‘शेवटचा उद्रेक कधी झाला’ एवढेच विचारत नाही. ‘या डोंगराला शिलारस पुरवणारी व्यवस्था अजून त्याच्याखाली आहे का’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानतो. जेथे पुरवठा तुटला आहे आणि तो पुन्हा जोडला जाण्याचे भूशास्त्रीय कारण उरलेले नाही, तो ज्वालामुखी मृत. लक्षद्वीपच्या खालचे ज्वालामुखी याच कारणाने मृत आहेत. ते थकले म्हणून विझले असे झालेले नाही. भूपट्टाने त्यांना स्रोतापासून दूर वाहून नेले. बॅरनची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे एक भूपट्ट आजही दुसऱ्याखाली शिरत आहे आणि पुरवठा चालू आहे.

हे ठरवण्यासाठी पहिली पायरी अर्थातच डोंगर सापडण्याची. पाण्याखालचा डोंगर दिसत नाही, पण त्याचे वस्तुमान समुद्राच्या पृष्ठभागाला स्वतःकडे ओढते. तळापासून दोन किलोमीटर उंच डोंगरावर समुद्राची पातळी सुमारे दोन मीटर फुगलेली असते. हा फुगवटा इतक्या लांबरुंद क्षेत्रावर पसरलेला असतो की जहाजावरच्या माणसाला तो कळत नाही, मात्र उपग्रहावरच्या रडारला कळतो. या पद्धतीने २०११ पर्यंत जगात २४ हजारांहून अधिक सागरी पर्वत नोंदले गेले होते, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या यादीत हा आकडा ४३ हजारांच्या पुढे गेला. त्यांतल्या बहुसंख्य पर्वतांवरून एकही जहाज मोजमाप करत गेलेले नाही. ध्वनिलहरींनी बारकाईने मोजलेला समुद्रतळ आजही सगळा मिळून चतुर्थांशाच्या आसपासच आहे. त्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते: जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही पाणबुडी ग्वामच्या आग्नेयेस पूर्ण वेगात एका सागरी पर्वतावर आदळली आणि एक नौसैनिक दगावला.

उपग्रहाने जागा दाखवली की जहाज त्यावरून नेऊन मल्टिबीम इको-साउंडरने, म्हणजे एकाच वेळी अनेक ध्वनिझोत सोडून प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राने, पट्ट्यापट्ट्याने नकाशा काढतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, त्यामुळे साडेचार किलोमीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परत यायला सहा सेकंद लागतात. हा संथपणा या कामाच्या स्वभावातच आहे. नकाशात शंकूचा आकार दिसला म्हणजे ज्वालामुखी, असे मात्र समजू नये. खंडाचा तुटून राहिलेला तुकडाही उंच असतो, आणि मकरान किनाऱ्याजवळ चिखलाचे शंकू आहेत ज्यांचा शिलारसाशी संबंध नाही. म्हणून त्याच फेरीत चुंबकीय क्षेत्रही मोजतात. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या दगडात, चुंबकीय खनिजे भरपूर असतात आणि लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांत गोठून राहते. त्या दिशेवरून डोंगर कोणत्या अक्षांशावर जन्मला, याचाही अंदाज बांधता येतो.

खरा पुरावा मात्र दगडाचाच. तो मिळवण्याची जुनी आणि अजूनही चालणारी रीत म्हणजे ड्रेज, म्हणजे पोलादी दातांचे तोंड असलेली साखळ्यांची पिशवी. ती काही किलोमीटर तारेने खाली सोडतात आणि जहाज हळूहळू पुढे घेत डोंगराच्या उतारावरून वर ओढतात. खाली काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे विंचवरच्या, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्रावरच्या, ताणाचा आकडा. तो अचानक चढला की ड्रेज कातळात अडकले, झटकन उतरला की तुकडा तुटला किंवा तार गेली. रात्री-अपरात्री त्या आकड्याकडे डोळे लावून बसणे हा आमच्या व्यवसायातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उत्कंठेचा भाग आहे. पिशवी डेकवर रिकामी झाली की पुष्कळदा काळी, हाताला काजळीसारखी लागणारी मँगनीजची पुटे चढलेली ढेकळेच दिसतात. ती करवतीने कापल्यावर आत बेसॉल्ट आहे की चुनखडक, हे कळते.

आत बेसॉल्ट असेल तर पहिली नजर कडेवर जाते. पाण्यात बाहेर पडलेला लाव्हा सुमारे १२०० अंश सेल्सिअसचा असतो आणि बर्फाळ पाण्याला भिडताच त्याची कड क्षणात गोठून काच होते. आतला रस ती कड फोडून बाहेर येतो, तोही गोठतो, आणि उशांसारखे गोल गोळे एकमेकांवर रचले जातात. अशा उशी-लाव्ह्याला कडेने काचेचा पातळ पट्टा असतो. दुसरी खूण पोकळ्यांची. तीन किलोमीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या तीनशे पट असतो, त्यामुळे शिलारसातील वायू फुगून बाहेर पडू शकत नाहीत आणि दगड घट्ट राहतो. डोंगर वाढत वाढत उथळ पाण्यात आला की दाब कमी होतो, वायू सुटू लागतात, स्फोट होतात, आणि काचेच्या भुग्याचे थर साचतात. तो पाण्याबाहेर आला तर लाव्ह्याचे सपाट प्रवाह पसरतात आणि दोन प्रवाहांच्या मधल्या काळात वरचा दगड हवेने, पावसाने झिजून लाल होतो.

या लाल थरांसाठी पुणेकरांना जहाजावर जावे लागत नाही. घाटातल्या कापलेल्या दरडींत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा जो पट्टा दिसतो, तो दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीचा आहे. अगदी असेच थर समुद्राच्या तळाशी छिद्र घेतल्यावर वर आले, तर तो डोंगर एके काळी बेट होता, याविषयी शंका उरत नाही. प्रशांत महासागरातील एम्परर रांगेतील निंतोकू पर्वतावर २००१ मध्ये घेतलेल्या छिद्रात लाव्ह्याच्या प्रवाहांमध्ये मातीचे थर मिळाले. आपल्या महासागरातला दाखला त्याहून बोलका आहे. बंगालच्या उपसागरातून दक्षिणेकडे सुमारे पाच हजार किलोमीटर पसरलेल्या नाइन्टी ईस्ट रांगेवर १९७२ मध्ये, दीड किलोमीटरहून अधिक खोल पाण्याखाली छिद्र घेतले, तेव्हा बेसॉल्टच्या वर चक्क लिग्नाइट (कच्चा तपकिरी कोळसा) आणि वनस्पतींचे परागकण निघाले. जेथे आज सूर्यप्रकाशाचा कण पोहोचत नाही, तेथे पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी दलदलीत झाडे उभी होती.

दगड मिळाला की वय काढायचे, आणि येथे बरीच काळजी घ्यावी लागते. बेसॉल्टमधील पोटॅशियमचा एक समस्थानिक अत्यंत मंद गतीने आरगॉनमध्ये बदलतो आणि त्या प्रमाणावरून वय निघते, हे तत्त्व पदवीच्या वर्गातही शिकवले जाते. अडचण अशी, की कोट्यवधी वर्षे खाऱ्या पाण्यात भिजलेल्या दगडात बाहेरून पोटॅशियम शिरते आणि मातीसारखी दुय्यम खनिजे तयार होतात, त्यामुळे अख्खा दगड दळून केलेले मापन फसवे ठरू शकते. म्हणून दगड फोडून त्यातले प्लॅजिओक्लेज या खनिजाचे ताजे स्फटिक वेचून काढतात, आम्लाने धुतात, आणि आरगॉन टप्प्याटप्प्याने तापवून मोजतात. सर्व टप्प्यांचे उत्तर जुळले तरच ते वय मान्य होते. मला विचाराल तर सागरी पर्वतांची जी जुनी वये सरसकट दगडावरून काढलेली आहेत, ती आज उद्धृत करताना दोनदा विचार करावा.

दगडाच्या पोकळ्यांत भरलेल्या खनिजांची गंमत पुण्यातल्या मुलांना सहज दाखवता येईल. वाघोलीच्या खाणींतून निघालेली निळी कॅव्हन्साइट आणि पांढरी झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. लाव्हा थंड झाल्यानंतर त्याच्या पोकळ्यांतून कोमट पाणी फिरत राहिले आणि ही खनिजे त्यातून साकळली. सागरी पर्वतांच्या दगडातही झिओलाइट आणि कॅल्साइट याच क्रमाने भरतात. उद्रेक थांबला म्हणजे दगडातील हालचाल थांबली असे नव्हे, हे त्या एका निळ्या स्फटिकावरून समजावता येते.

वयानंतरचा पुरावा गाळाचा आहे, आणि मृत असल्याचा निवाडा देताना माझा भर यावर अधिक असतो. समुद्रात वरून सूक्ष्मजीवांची कवचे आणि नद्यांचा गाळ अखंड पडत असतो. त्यांतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे थेट लाव्ह्यावर बसलेल्या थरातील फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांची जात ओळखली की डोंगर किमान किती जुना आहे, हे कळते. पुढे भूकंपीय परावर्तनाच्या पद्धतीने, म्हणजे जहाजामागे ओढलेल्या यंत्रांनी ध्वनी तळाखाली पाठवून, गाळाचे थर उभ्या छेदात पाहतात. हे थर डोंगराच्या उतारावर येऊन शांतपणे टेकलेले असतील, कोठे भोसकलेले, वर उचललेले किंवा मध्येच लाव्ह्याचा पदर घेतलेले नसतील, तर ते साचल्यापासून तेथे उद्रेक झालेला नाही, हा पुरावा कोणत्याही मानवी नोंदीपेक्षा भक्कम असतो. त्याला तळातून बाहेर येणाऱ्या उष्णतेच्या मोजमापाची आणि भूकंपांच्या अभावाची जोड मिळाली की निर्णय पक्का मानतात.

रामन, पणिक्कर आणि वाडिया या अरबी समुद्रातील तीन पर्वतांबाबत हे सारे कसे लागू होते? चंद्रशेखर वेंकट रामन, सागरशास्त्रज्ञ एन. के. पणिक्कर आणि भूशास्त्रज्ञ दाराशा वाडिया यांची नावे दिलेले हे पर्वत लक्ष्मी खोऱ्यात आहेत. हे खोरे भारताचा पश्चिम खंडान्त उतार (खंडाच्या कडेचा खोल समुद्राकडे जाणारा उतार) आणि लक्ष्मी कटक ही पाण्याखालची डोंगररांग यांच्या दरम्यान पसरलेले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात त्यांचे वर्णन केले आणि हे खोरे रुंदावणे थांबण्याच्या सुमारास रेयुनियनच्या तप्त स्रोताच्या प्रभावाने हे ज्वालामुखी उभे राहिले, असे मत मांडले. खोऱ्याचा तळ खरोखर महासागरी आहे की ताणून पातळ झालेला खंडीय, यावर आमच्या क्षेत्रात जुना वाद आहे. २०१५ मध्ये याच खोऱ्यात आंतरराष्ट्रीय मोहिमेने छिद्र घेतले तेव्हा सुमारे १,०९० मीटर गाळ ओलांडल्यावर बेसॉल्ट लागला. वाद त्याने मिटला नाही, उलट त्या बेसॉल्टच्या रसायनावरून नवा सुरू झाला. पण आपल्या प्रश्नापुरते पुरेसे हे, की सिंधू नदीने आणून टाकलेला एवढा गाळ या ज्वालामुखींच्या पायथ्याभोवती साचला आहे आणि शिलारसाचा स्रोत आज रेयुनियनखाली आहे. हे पर्वत मृत आहेत, असे मी निःशंकपणे म्हणेन.

येथे आंग्रिया बँकेचा उल्लेख करतो, कारण कोकणातील व्याख्यानांत तो प्रश्न हमखास येतो. विजयदुर्गासमोर खोल समुद्रात असलेली, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेली ही प्रवाळाची बुडालेली पठारी जागा भूखंडमंचावर, म्हणजे खंडाच्याच बुडालेल्या उथळ कडेवर, आहे. तिचा माथा पाण्याखाली जेमतेम वीस मीटर आहे. महासागराच्या तळावरून स्वतंत्रपणे उठलेल्या ज्वालामुखीचे उदाहरण म्हणून ती देऊ नये. त्यासाठी लक्षद्वीप हेच योग्य उदाहरण आहे.

लक्षद्वीपची बेटे कंकणाकृती का आहेत, याचे उत्तर ज्वालामुखीच्या मरणानंतरच्या घटनांत आहे. डोंगर विझला तरी ज्या भूपट्टावर तो उभा आहे तो थंड होत जातो, आकसून जड होतो आणि खचतो. नवा समुद्रतळ कटकावर साधारण अडीच हजार मीटर खोलीवर जन्मतो. त्यानंतरची खोली काढण्याचा ठोकताळा असा, की वय दशलक्ष वर्षांत घेऊन त्याचे वर्गमूळ काढायचे, त्याला ३५० ने गुणायचे आणि अडीच हजारांत मिळवायचे. १.६ कोटी वर्षांनी तळ ३,९०० मीटरवर जातो आणि ६.४ कोटी वर्षांनी ५,३०० मीटरवर. म्हणजे पहिली १,४०० मीटर उतरण १.६ कोटी वर्षांत आणि पुढची तेवढीच उतरण त्याच्या तिप्पट काळात. फार जुन्या तळाला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि जुन्या भूपट्टावर नंतर उभा राहिलेला डोंगर कमी खचतो. त्याशिवाय डोंगराच्या स्वतःच्या वजनाने खालचा भूपट्ट वाकतो, तो भाग निराळा.

चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये, भूपट्टांची कल्पनाही नसताना, असे मांडले की खचणाऱ्या बेटाभोवती प्रवाळ वरवर वाढत राहतात आणि बेट बुडाल्यावर नुसते कंकण उरते. त्याची खात्री पटायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनेवेटाक बेटावर छिद्र घेतले, तेव्हा सुमारे १,४०० मीटर जाडीचा प्रवाळी चुनखडक संपल्यावर बेसॉल्ट लागला. अमेरिकेने अणुचाचण्यांसाठी ते बेट ताब्यात घेतले होते आणि छिद्रांचे काम त्याच तयारीचा भाग होते. विज्ञानाचे असे लाभ कोणत्या हातांनी येतात, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

जेथे पाणी थंड असते किंवा बेट फार वेगाने खचते, तेथे प्रवाळ मागे पडतात. मग लाटा माथा कापून सपाट करतात आणि तो सपाट माथा तसाच खोल जातो. प्रिन्स्टनचे भूशास्त्रज्ञ हॅरी हेस दुसऱ्या महायुद्धात ‘केप जॉन्सन’ या सैन्यवाहू जहाजाचे प्रमुख होते. जहाज कोठेही जात असले तरी ते इको-साउंडर चालू ठेवत आणि त्यांना प्रशांत महासागरात शंभराहून अधिक सपाट माथ्याचे पर्वत आढळले. १९४६ मध्ये त्यांनी या पर्वतांना गायोट असे नाव दिले. ते पर्वत अतिप्राचीन असावेत, असा हेस यांचा समज होता. पुढे १९५० च्या मोहिमेत माथ्यांवरून लाटांनी गोल केलेले गोटे आणि क्रिटेशस काळातील (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) उथळ पाण्याचे जीवाश्म निघाले, आणि वय एकदम खाली आले. आपला वाडिया पर्वत याच सपाट माथ्याच्या जातीचा आहे, म्हणून त्याला वाडिया गायोट म्हणतात.

‘मृत’ ठरवलेला ज्वालामुखी कधीच चकवत नाही का? चकवतो, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. हवाई बेटांत मुख्य डोंगर स्रोतापासून दूर गेल्यावर, लाखो वर्षांच्या शांततेनंतर, छोटे उद्रेक पुन्हा झालेले आहेत, आणि होनोलुलूचा सुप्रसिद्ध डायमंड हेड हा अशाच उशिराच्या उद्रेकाचा शंकू आहे. जपानच्या पूर्वेला तर १३ कोटी वर्षे जुन्या थंड तळावर, भूपट्ट वाकताना पडलेल्या भेगांतून लहान तरुण ज्वालामुखी आलेले २००६ मध्ये जाहीर झाले. तेव्हा स्रोतापासून थोड्याच दशलक्ष वर्षांच्या अंतरावर असलेल्या डोंगराविषयी मी ‘मृत’ हा शब्द जपून वापरतो. सहा कोटी वर्षे आणि हजारो किलोमीटर अंतर पडलेल्या डोंगराविषयी तो वापरायला कचरत नाही.

दुसरी तऱ्हा उष्णतेची आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १३० किलोमीटरवर डेव्हिडसन नावाचा पर्वत आहे. तळापासून सुमारे २,२८० मीटर उंच, माथा पाण्याखाली सुमारे १,२५० मीटर, आणि उद्रेक थांबून जवळपास एक कोटी वर्षे झालेली. २०१८ मध्ये त्याच्या पायथ्याजवळ, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर, हजारो ऑक्टोपस माद्या अंड्यांवर बसलेल्या आढळल्या. आसपासचे पाणी दीड अंशाच्या जवळपास, पण खडकाच्या ज्या फटींत त्या बसल्या होत्या तेथे दहा अंशांच्या आसपास. त्या उबेमुळे अंडी दोन वर्षांच्या आतच फुटतात. तेवढ्या थंडीत त्यांना एरवी पाच-आठ वर्षे लागली असती. २०२३ मध्ये व्हँकूव्हर बेटाजवळच्या, मृत समजलेल्या आणखी एका पर्वतावर कोमट पाणी आणि तेथे घातलेली स्केट माशांची असंख्य अंडी सापडली.

अशी ऊब दिसली म्हणजे शिलारस परतला, असे मात्र नाही. समुद्राचे पाणी उघड्या कातळातून आत शिरते, कवचातील उरलेल्या उष्णतेने तापते आणि दुसरीकडून बाहेर पडते. आजूबाजूचा तळ गाळाने झाकलेला असतो आणि गाळातून पाणी सहज जात नाही, म्हणून हे येणे-जाणे उघड्या डोंगरांतूनच होते. कॅनडा-अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ एका छोट्या डोंगरातून शिरलेले पाणी ५२ किलोमीटरवरच्या दुसऱ्या डोंगरातून बाहेर पडते, हे २००३ मध्ये दाखवले गेले. दोन्ही डोंगर विझलेले आहेत, तरी कवच थंड करण्याचे काम त्यांच्यातून चालूच आहे.

कोकणच्या धोक्याविषयी थोडक्यात. लक्ष्मी खोऱ्यातील पर्वतांच्या उद्रेकाची काळजी करण्याचे कारण नाही. अरबी समुद्रातील त्सुनामीचा खरा उगम मकरानच्या सागरी पट्ट्यात आहे, जेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे झालेल्या सुमारे ८.१ महत्तेच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि तिने येथेही बळी घेतले. आज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती संस्थेचे त्सुनामी इशारा केंद्र या क्षेत्रावर अहोरात्र लक्ष ठेवते. मुलांना आपत्ती व्यवस्थापनाच्या तासाला शिकवायचे असेल तर मकरान शिकवावे.

मृत ज्वालामुखींभोवती सध्या जी खरी हालचाल आहे, ती खनिजांची. उघड्या कातळावर पाण्यातून लोह आणि मँगनीजची पुटे चढतात आणि त्यांत कोबाल्ट साठतो. ती चढण्याचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढाच असतो. विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, ८३ पूर्व रेखांशाच्या आसपास असलेल्या अफनासी निकितिन या सागरी पर्वतावर अशी पुटे आहेत. तेथे शोधकार्य करण्याच्या परवान्यासाठी भारताने जानेवारी २०२४ मध्ये जमैकातील आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला, आणि त्या क्षेत्रावर श्रीलंकेनेही आपल्या विस्तारित भूखंडमंचाचा दावा सांगितलेला आहे. माझे मत विचाराल तर शोध घेण्यास विरोध असू नये, कारण नकाशा आणि नमुने यांशिवाय आपण काय गमावणार आहोत हेही कळणार नाही. खरवडण्याबाबत मात्र घाई नको. ज्या कातळावर ही पुटे असतात, त्याच कातळाला धरून खोल पाण्यातील प्रवाळ आणि स्पंज उभे असतात, आणि त्यांतले काही प्रवाळ शेकडो वर्षांचे असतात. न्यूझीलंड आणि टास्मानियाजवळच्या पर्वतांवर ऑरेंज रफी या माशासाठी जड जाळी ओढली गेली आणि प्रवाळांचे माथे उघडे बोडके झाले. मासेमारी थांबवल्यावरही अनेक वर्षे तेथे विशेष काही परत आलेले दिसले नाही. पुटे काढताना तर वरचा थर नव्हे, बसायची जागाच काढून न्यायची असते.